तपासणीची गाडी

आमच्या शाळेत वर्षातून एकदा तपासणीची गाडी येते. खबर आधीच लागलेली असते. केंद्रप्रमुखांचा निरोप ग्रुपवर पडलेला असतो, मुलांना नखं कापून आणि डोकं धुऊन यायला बजावलेलं असतं. तरी गाडी आवारात वळली की पहिली-दुसरीतली दोन-चार पोरं बाकाखाली शिरतातच. त्यांच्या लेखी डॉक्टर म्हणजे सुई. गाडीच्या दारावर ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ असं लिहिलेलं असतं, पण गावात हे नाव कुणी घेत नाही. ‘आज शाळेत डॉक्टर आल्यात’ एवढंच म्हणतात, आणि एखादी आजी आपला दुखरा गुडघा घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसते. डॉक्टर तिलाही परत पाठवत नाहीत.

पथक चौघांचं असतं. एक पुरुष डॉक्टर, एक स्त्री डॉक्टर, औषधनिर्माता आणि सिस्टर. डॉक्टर आयुषचे, बहुधा आयुर्वेद नाहीतर होमिओपॅथी शिकलेले. व्हरांड्यात दोन टेबलं मांडायची, भिंतीला उंचीची पट्टी चिकटवायची, सहा मीटर मोजून डोळ्यांचा तक्ता टांगायचा, की आमचा दवाखाना तयार. लहानग्यांना अजून अक्षरं धड येत नसतात, म्हणून त्यांच्या तक्त्यावर नुसता इंग्रजी ‘ई’ असतो, कधी उजवीकडे तोंड केलेला, कधी खाली, कधी वर. त्याचे दाते कुणीकडे आहेत ते मुलाने बोटांनी दाखवायचं. मग खालची पापणी ओढून बघणं, नखं बघणं, जीभ, दात, मानेच्या गाठी, हातापायांच्या बेचक्यांतली खरूज, छातीला स्टेथोस्कोप. एकेक मूल पुढे येतं, सदरा वर करतं आणि श्वास घेऊन थांबतं.

मी गेली बरीच वर्षं या डोंगरपट्ट्यात शिकवते आहे. अकोले-जुन्नरकडचा हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात चिखल आणि आवणी म्हणजे भाताची लावणी, भात निघाला की बरीच घरं नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात आणि मुलं आजी-आजोबांपाशी राहतात. या दिवसाची मी वाट बघते, कारण वर्षभरात हा एकच दिवस असा असतो, की प्रत्येक मुलाच्या अंगाकडे कुणीतरी जाणकार माणूस नीट बघतो. हुशार, मठ्ठ, गैरहजर राहणारा, खोडकर या आमच्या सगळ्या याद्या बाजूला राहतात आणि नुसतं मूल समोर येतं.

दवाखान्यात कोण जातं? ज्याला दुखतं तो. ताप आला, पोटात कळ आली, हात मोडला की माणूस दवाखान्याची पायरी चढतो. आपली सगळी आरोग्यव्यवस्था रुग्ण तक्रार घेऊन येईल हे गृहीत धरून उभी आहे. पण ज्या मुलाला कळायला लागल्यापासून धूसरच दिसतं, ते तक्रार कसली करणार? त्याला वाटतं, जग असंच असतं. जिला जन्मापासून दोन जिने चढले की धाप लागते, ती मुलगी आपल्याला काही होतंय असं कधी म्हणत नाही. ती खेळताना कडेला बसते आणि मैत्रिणी म्हणतात, हिला खेळायला आवडत नाही. मोठी माणसं तरी शेजाऱ्याशी ताडून बघतात. मूल आपलं शरीर कशाशी ताडून बघणार? म्हणून मुलांचा दवाखाना मुलांपाशी जायला हवा, आणि आपल्याकडे मुलं सापडण्याची हक्काची जागा एकच आहे, शाळा.

हे मला एका मुलाच्या कानामुळे फार स्पष्ट दिसलं.

सहावीतला मुलगा. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसायचा. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. हाक मारली तर कधी ओ द्यायचा, कधी नाही. त्याचा डावा कान लहानपणापासून वाहायचा आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कुणालाच त्यात आजार दिसत नव्हता. आमच्याकडे कान वाहणं म्हणजे नाक वाहण्यासारखंच धरतात. लसणाची पाकळी घालून कडवलेलं तेल सोडायचं, वर कापसाचा बोळा लावायचा आणि ओढ्यावर डुंबायला मोकळं व्हायचं. त्याच्या आजोबांनी डॉक्टरांना तेच सांगितलं, “त्याचा कान पहिल्यापासूनच वाहतो, बाई. मोठा झाला की राहील.”

डॉक्टरबाईंनी आधी कोरड्या कापसाने कान पुसला, मग दिवा लावून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, उजवा कान तळहाताने दाबून धरायला सांगितलं, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून हळू आवाजात एकेक शब्द उच्चारला. “पाऊस.” तो गप्प. “भाकरी.” गप्प. “बैल.” त्याने मान वळवून त्यांच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. बाईंनी हळूच त्याचं डोकं पुन्हा भिंतीकडे फिरवलं आणि आवाज थोडा चढवून म्हणाल्या, “बैल.” मग तो म्हणाला, “बैल.” रांगेतली मुलं हसली. त्यांना हा खेळ वाटला. बाई हसल्या नाहीत. कान बदलला तेव्हा कळलं, की उजव्या कानालाही थोडं कमीच येतं. हे पोरगं ओठ वाचून सहावीपर्यंत आलं होतं! त्याला कुणी ते शिकवलं नव्हतं. आपण असं काही करतो आहोत हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

बाईंनी आजोबांना जे समजावलं ते मी नंतर प्रत्येक पालकसभेत सांगत आले. कानाच्या पडद्याला छिद्र पडलेलं असतं. सर्दी-खोकल्याचा जंतुसंसर्ग घशाकडून कानात चढतो, पू होतो, पडदा फुटतो, आणि पुनःपुन्हा असं झालं की छिद्र भरून येत नाही. अशा कानात तेल, दूध, कसलाही रस घालायचा नाही. कान कोरडा ठेवणं हेच निम्मं औषध. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानात बसवायचा, ओढ्यात बुडी मारायची नाही, आणि थेंब घालायचे तर पू कोरडा टिपून मगच. पडदा शिवता येतो, त्याची शस्त्रक्रिया असते, आणि या योजनेत ती फुकट होते.

आजोबा ‘फुकट’ या शब्दापाशी थांबले. त्यांनी विचारलं, “न्यायचं कोणी?”

या प्रश्नाकडे मी परत येईन. त्याआधी जरा मागे जायला हवं.

हिंदुस्थानात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली ती १९०९ साली, बडोदा शहरात. सयाजीराव गायकवाडांचं बडोदं. त्याच संस्थानात तीन वर्षं आधी, १९०६ मध्ये, प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं, आणि त्याचा पहिला प्रयोग तर १८९३ मध्येच अमरेलीत झाला होता. या तारखा मला एकाच ओळीत वाचाव्याशा वाटतात. राज्याने मुलाला घरातून, गुरांमागून, शेतातून उठवून शाळेत बसवलं, की त्याच्या अक्षरांइतकीच त्याच्या अंगाची जबाबदारीही राज्याकडे येते. बडोद्याच्या कारभाऱ्यांनी असाच विचार केला होता का, हा माझा तर्क. पण सक्तीनंतर तीनच वर्षांत त्या शहरातल्या मुलांपाशी डॉक्टर पोचला, एवढं खरं. स्वतंत्र भारतात १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली, तिने पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यानंतर योजना आल्या, नावं बदलली. आजची जी गाडी आमच्या आवारात येते ती योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिचा देशातला शुभारंभ आपल्या पालघरला झाला. जन्मतः असलेली व्यंगं, कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतले अडथळे अशा चार गटांत तीसेक प्रकारच्या गोष्टी ती शोधते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा.

ही योजना मला कळकळीने चांगली वाटते. सरकारी आहे म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा आमच्या व्हरांड्यात दिवसभर बसावं. दुपारी दोन वाजता, डोक्यावर पत्रा तापलेला असताना, समोरचं मूल रांगेतलं शेवटून तिसरं असताना, डॉक्टर त्याची पापणी तितक्याच काळजीने खाली ओढतात. ते बघितलं की माझा ऊर भरून येतो.

पण वर्षातल्या एका दिवसाने भागत नाही, आणि उरलेले दिवस शाळेच्याच अंगावर असतात. मुख्याध्यापकांच्या कपाटात प्रथमोपचाराची पेटी असते. तिच्यात कापूस, पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटं. गुडघे फुटतात, मधमाशी चावते, जेवून न आलेल्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी चक्कर येते. उपकेंद्राची सिस्टर आणि गावातली आशाताई ही आमची खरी माणसं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस असो की कुणाला ताप असो, त्यांना फोन लावला की त्या येतात.

आणि सोमवारची गोळी. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीच्या पुढे निळी. लोह आणि फॉलिक ॲसिड, आठवड्यातून एकदा. ही गोळी आम्ही दुपारच्या खिचडीनंतरच देतो, उपाशी पोटी दिली की मळमळतं आणि मग पुढच्या सोमवारी निम्मा वर्ग तोंड मिटून बसतो. शौचाला काळं होतं, ते घाबरण्यासारखं नाही, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर एका घरातली भीती संध्याकाळपर्यंत वाडीभर होते. मुलांसमोर मी स्वतः गोळी घेते. बाईंनी गिळली म्हटलं की मोठ्या मुलीही गिळतात. सगळ्यात अवघड असतं ते चहाचं सांगणं. आमच्याकडे दूध नसलं तरी चहा असतो, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यापेक्षा लिंबू पिळा, आवळा खा. आवळा तर आमच्या रानात झाडाखाली पडलेला असतो.

गोळीची जोडीदार म्हणजे जंताची गोळी. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिवस असतो. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी शिक्षकांसमोर चावून खायची, घरी न्यायची नाही. या दोन गोळ्यांचं नातं आमच्या भातखाचरांत आहे. आकडकृमीची अळी ओल्या मातीत असते, अनवाणी पायाच्या कातडीतून ती आत शिरते आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पिते. आवणीला चिखलात उतरलेल्या पोरीला पायताण घाल म्हणणं व्यवहारात बसत नाही. म्हणजे एकीकडून रक्त वाढवायचं आणि दुसरीकडून ते जाऊ द्यायचं असा प्रकार. दोन्ही गोळ्या पोटात गेल्या तरच हिशेब जुळतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. दहातल्या सहा. यातल्या बहुतेकींना आपल्याला काही झालंय असं वाटत नसणार. थकवा हा त्यांना स्वभाव वाटतो, आणि घरच्यांना आळस.

मुलींची तपासणी आम्ही वर्गखोलीत दार लोटून करतो. तिथे स्त्री डॉक्टर आणि सिस्टर असतात, मी दाराशी बसते. सातवीतल्या मुली आत जाताना एकमेकींचे हात धरून जातात. बाहेर येईपर्यंत वेळ लागतो, कारण आत फक्त वजन-उंची होत नाही. पाळी सुरू झाली का, किती दिवस जाते, पोटात किती दुखतं, कापड कुठे वाळवतेस. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना वाटलेलंच नसतं. घरात ते कापड दुसऱ्या कपड्याखाली, सावलीत, दमट जागी वाळतं, कारण कुणाला दिसायला नको. डॉक्टरबाई सांगतात, उन्हात वाळव. मुली एकमेकींकडे बघतात. एवढी साधी गोष्ट, पण ती मोठ्याने बोलायला एक बंद दार आणि एक अनोळखी, शिकलेली बाई लागते. आया हे सांगू शकत नाहीत, त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे.

तपासणीत काही सापडलं की पथक संदर्भ चिठ्ठी देतं. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून गरज पडली तर जिल्हा रुग्णालय, पुढे मुंबई-पुण्याची मोठी रुग्णालयं. कागदावर वाट सरळ आहे आणि उपचाराला पैसे पडत नाहीत. पण आमच्या वाडीवरून जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेची एसटी चुकली तर दिवस गेला. बरोबर जाणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. आई-बाप नारायणगावकडे कुणाच्या मळ्यात टोमॅटो खुडत असतात, आजोबांना मोठ्या दवाखान्यातल्या खिडक्या कळत नाहीत. कानाचा डॉक्टर ठरावीक वारीच असतो, आणि तो वार चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. त्या मुलाची पहिली चिठ्ठी दप्तरात घडी होऊन पडली, पावसात भिजली आणि तिच्यावरची शाई उतरून गेली. घरच्यांना काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये. आजोबा एकदा त्याला घेऊन गेले होते. दुपारी कुणीतरी सांगितलं, आज नाही, पुढच्या आठवड्यात या. ते परत आले आणि पुन्हा जायचं बळ त्यांच्याकडे राहिलं नाही.

शेवटी हा तिढा सोडवला तो पथकातल्या त्याच डॉक्टरबाईंनी. दुसऱ्या गावची तपासणी आटोपून जाताना त्यांनी गाडी आमच्याकडे वळवली, आजोबांना आणि मुलाला बसवलं, आधी फोन करून वार नक्की केला होता, आणि खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत त्या स्वतः बरोबर फिरल्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. कान आधी औषधाने कोरडा झाला, मग दिवाळीच्या सुट्टीत पडद्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो पुढच्या गावच्या हायस्कुलात आहे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय काही गेलेली नाही, पण पाठमोरं हाक मारली तर वळतो.

एका मुलीच्या हृदयाला छिद्र निघालं, तेही असंच छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर वेगळा आवाज आला म्हणून. तिच्या मामाने सगळं निभावून नेलं, कारण मामा शहरात रिक्षा चालवतो आणि त्याला दवाखाने माहीत आहेत. मला ही गोष्ट टोचत राहते. ज्याला मामा आहे त्याचं निभतं.

शाळेला रोजचा डॉक्टर मिळणार नाही हे मी जाणते. मला हवं आहे ते त्याहून लहान आहे. चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी तिच्यावर वार आणि वेळ लिहिलेली असावी. मुलाबरोबर जाणाऱ्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कुठून तरी भरून निघावी. आणि रुग्णालयाच्या दारात या मुलांची वाट बघणारं एक माणूस असावं. आजार हुडकायला सरकार गाडी पाठवतं, चार माणसं पाठवतं, औषधं पाठवतं. हुडकलेलं मूल उपचारापर्यंत पोचवायला मात्र आपण आजोबांच्या गुडघ्यांवर भिस्त ठेवतो, हे मला मान्य नाही.

म्हणून गेल्या ग्रामसभेत आम्ही हा विषय मांडला. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून संदर्भ चिठ्ठी मिळालेल्या मुलाचं आणि सोबतच्या माणसाचं भाडं द्यावं, सोबतीला आशाताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतला एक सदस्य जावा, असा ठराव मी लिहून नेला होता. थोडी कुरकुर झाली. एकाने विचारलं, दरवर्षी किती पोरं निघणार? सरपंचताई म्हणाल्या, “निघतील तेवढी.” ठराव मंजूर झाला. मजुरीचं अजून ठरलेलं नाही, ते पुढच्या सभेत घेऊ.

या वर्षीच्या तपासणीत पाच चिठ्ठ्या निघाल्या. दोघांना चष्मे, एकाचा तिरळा डोळा, एका मुलीचं रक्त फार कमी, आणि पुन्हा एक कान. रक्ताचं आधी उरकायचं म्हणून त्या मुलीला घेऊन आशाताई मंगळवारच्या पहाटेच्या गाडीने जाणार आहेत. रुग्णालयात कोण भेटेल त्यांचं नाव आणि फोन मी चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिला आहे, आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहे.